दातांवर लागणारे विरजण

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीत, राजीवड्याला, आमच्या नात्यात एक निकाह होता. दस्तरखानावर माझ्या शेजारी भाचीचा चार वर्षांचा मुलगा बसला होता. बिर्याणी म्हणजे त्याचा जीव की प्राण. पण त्या दिवशी एक घास उजव्या गालात धरून तो नुसता बसून राहिला. विचारले तर म्हणाला, "नानी, इकडे दुखतं." तोंड उघडायला लावले. वरचे पुढचे चारही दात हिरडीपाशी तपकिरी पडलेले, त्यांतले दोन निम्मे झिजलेले आणि डाव्या दाढेत काळा खड्डा. समोर बसलेल्या एका बुजुर्ग बाईंनी लगेच निकाल देऊन टाकला, "कीड लागलीय. दुधाचे दात, पडायचेच आहेत." भाचीने सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र तो टाकता आला नाही. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहायच्या असतात, हे मला ठाऊक होते. म्हणजे या पोराला अजून सहा-आठ वर्षे त्याच दाढांनी जेवायचे होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी त्याला दंतवैद्याकडे घेऊन गेलो. डॉक्टर काय खातो म्हणून विचारतील, अशी तयारी करून भाची गेली होती. त्यांनी विचारले वेगळेच: "दिवसातून किती वेळा खातो?" भाची बोटांवर मोजू लागली. सकाळी चहात बुडवून बटर, मग बालवाडीच्या वाटेवर एक चॉकलेट, डब्यात बिस्किटे, घरी आल्यावर सरबत, दुपारी टीव्हीसमोर पुन्हा चॉकलेट. रात्री झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली, आणि मध्यरात्री रडला की तीच बाटली परत तोंडात. मोजणी अकरावर थांबली. "एकूण साखर काही फार नाही हो," ती म्हणाली, आणि ते खरेही होते. एका मोठ्या लाडवाएवढी साखर दिवसभरात अकरा वेळा वाटून दिली जात होती, एवढेच.

ही वाटणीच सगळा घात करते. ती कशी, हे समजायला प्रयोगशाळेत जायला नको. आपल्या स्वयंपाकघरातले दह्याचे भांडे पुरे.

कोमट दुधात आपण चमचाभर दही घालतो आणि भांडे उबेला ठेवतो. त्या चमच्यातले जिवाणू दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. आम्ल वाढत गेले की दूध आंबट होऊन घट्ट होते. आपले तोंडही असेच उबदार भांडे आहे, आणि विरजण त्यात कायमचे लागलेले आहे. माणसाच्या तोंडात जिवाणूंच्या सातशेच्या आसपास जाती आढळल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपकारकच. पण काहींचा धंदा दह्याच्या जिवाणूंचाच आहे: साखर मिळाली की तिचे आम्ल करायचे. दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद असलेले लॅक्टोबॅसिलस त्यांत आहेत, आणि सर्वांत नामचीन म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. जे. किलियन क्लार्क या इंग्रज संशोधकाने १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून तो वेगळा काढला आणि त्याला हे नाव दिले.

दुष्टपणा म्हणून हे जिवाणू आम्ल करत नाहीत. त्यांना जगायला ऊर्जा हवी असते आणि ती ते साखर फोडून मिळवतात. दातावरच्या चिकट थरात, खोलवर, ऑक्सिजन फारसा पोचत नाही. त्यामुळे आपल्या पेशींप्रमाणे साखर पूर्ण जाळणे त्यांना जमत नाही. काम अर्धवट राहते आणि ग्लुकोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू तयार होतात. चुलीतून राख निघावी तसे त्यांच्या पेशीतून ते बाहेर पडते. फरक इतकाच, की ही राख पडते आपल्या दातावर.

साध्या साखरेवर म्युटन्सची विशेष मर्जी असते. साखरेपासून तो एक प्रकारचा डिंक बनवतो, त्या डिंकाने स्वतःला दाताच्या गुळगुळीत पृष्ठभागावर चिकटवून घेतो आणि वर इतर जिवाणूंनाही आसरा देतो. जास्तीची साखर मिळाली तर पेशीच्या आत साठवतो आणि तोंडात काही नसताना ती हळूहळू खर्च करत आम्ल टाकत राहतो. बरे, इतर जिवाणू आपल्याच आम्लात गुदमरू लागले, तरी हा तग धरून असतो. त्यामुळे ज्या तोंडात आम्ल वारंवार होते, तिथे बाकीचे मागे पडतात आणि यांचीच वस्ती वाढते. गुळात आणि मधात साखर नसते, अशा समजुतीत आपल्याकडची पुष्कळ घरे आहेत. दातांच्या बाबतीत तरी गूळ, मध, खडीसाखर यांत काही भेद नाही.

आता दाताकडे वळू. दाताचे वरचे कवच, एनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. हाडापेक्षाही कठीण. त्याच्या वजनाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचा असतो. पण हाड मोडले तर पुन्हा जुळते, एनॅमल गेले की गेले. कारण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येण्यापूर्वीच संपलेल्या असतात. आणि या कठीण कवचाला आम्लाची बाधा होते. शेतकरी मातीचा सामू मोजतात, तोच सामू, म्हणजे पीएच, तोंडातही मोजता येतो. साधारणपणे तो सातच्या आसपास असतो. तो ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले कॅल्शियम विरघळून बाहेर पडू लागते. सातवरून पाचवर हा उतार दिसायला दोनच आकड्यांचा. पण या मोजपट्टीवर प्रत्येक आकडा दहापटीचा असतो, म्हणजे आम्लता शंभरपट वाढलेली असते. दूध घट्ट होऊन दही बसते ते ४.६ च्या आसपास. ज्यांचे दात सारखे किडतात, त्यांच्या दातावरच्या थरात साखर खाल्ल्यावर सामू जवळजवळ तिथपर्यंत उतरतो. दह्याला रात्र लागते, तोंडात मात्र हे काम काही मिनिटांत उरकते.

ही मिनिटे मोजली रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने, १९४० च्या दशकात. लोकांना ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावून त्याने दातावरच्या थरात बारीक तारा टेकवल्या आणि सामू टिपत गेला. पाच मिनिटांच्या आत तो धाडकन खाली आला आणि मग अर्ध्या ते एका तासात हळूहळू चढत पूर्वपदावर आला. दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा आलेख आजही काढावा लागतो. तो वर चढवणारी असते आपली लाळ. लाळेत आम्ल मारणारे बायकार्बोनेट असते, शिवाय कॅल्शियम आणि फॉस्फेटही असते. आम्ल ओसरले की लाळ दाताला त्याचे गेलेले खनिज परत करू लागते. म्हणजे दात रोज थोडा विरघळतो आणि रोज थोडा भरून निघतो. दातावर पांढरट, खडूसारखा डाग दिसतो तेव्हा खर्च जमेपेक्षा जास्त झालेला असतो, पण हिशेब अजून सावरता येतो. खड्डा पडला, की मग भरून घेण्यावाचून इलाज नाही.

आता भाचीच्या अकरा वेळा पुन्हा मोजून पाहा. एकेका वेळेला निदान अर्धा तास धरला, तरी रोजचे साडेपाच तास झाले. त्यात रात्रीची बाटली निराळीच. झोपेत लाळ जवळजवळ आटते. दूध वरच्या पुढच्या दातांमागे साचून राहते, खालचे दात मात्र जिभेखाली आणि लाळेत झाकलेले असतात. म्हणून अशा मुलांचे वरचे चार दात जातात आणि खालचे शाबूत दिसतात. आमच्या पोराचे अगदी असेच होते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली देशभर पाहणी केली, तेव्हा पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांचे दात किडलेले सापडले. म्हणजे आमचे पोर काही जगावेगळे नव्हते.

आपल्या भाषेने या आजाराला नावच "कीड" दिले आहे. दातात अळी असते ही समजूत जगभर हजारो वर्षे होती. माझी दादी सांगायची, की तिच्या लहानपणी एक बाई मोहल्ल्यात यायची. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीतून दाढेला धुरी द्यायची आणि पाण्याच्या वाटीत पडलेल्या बारीक "अळ्या" दाखवून पैसे घ्यायची. त्या अळ्या दाढेतल्या नसत, हे तुम्ही ओळखलेच असेल. गंमत म्हणजे तेराव्या शतकात दमास्कसच्या अल-जौबरी नावाच्या लेखकाने भोंदू लोकांच्या युक्त्या उघड्या पाडणारा एक ग्रंथ लिहिला, आणि त्यात दातांतून अळ्या काढून दाखवणाऱ्यांचाही समाचार घेतला. सातशे वर्षांनंतर आमच्या मोहल्ल्यात तोच खेळ चालू होता. खरे कारण पुढे आणले विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने. तो बर्लिनमध्ये काम करी. काढलेले दात त्याने लाळेत ठेवले. काहींसोबत पाव आणि साखर, काहींसोबत मांस. पाव-साखरेतले दात विरघळू लागले, मांसातले तसेच राहिले. १८९० मध्ये त्याचा ग्रंथ इंग्रजीत आला आणि अळीची गोष्ट, निदान शास्त्रापुरती, संपली.

"किती" पेक्षा "किती वेळा" महत्त्वाचे, हे मात्र कळले एका अशा प्रयोगातून ज्याची आज लाज वाटावी. स्वीडनमध्ये लुंड शहरी व्हिपेहोल्म नावाची संस्था होती. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे तिथे ठेवलेली असत. दुसरे महायुद्ध संपत असताना तिथे दातांवर प्रयोग सुरू झाले आणि ते काही वर्षे चालले. कुणाला साखर जेवणाबरोबर, कुणाला चिकट टॉफ्या दोन जेवणांच्या मधे. त्या माणसांची संमती कुणी घेतली नव्हती आणि पुष्कळांचे दात कायमचे गेले. निष्कर्ष हा निघाला, की जेवणाबरोबर बरीच साखर खाऊनही दात फारसे किडले नाहीत. पण मधल्या वेळेत चघळलेल्या टॉफीने धुमाकूळ घातला. पुढे स्वीडनमध्ये मुलांना मिठाई शनिवारीच द्यायची, अशी रीत पडली.

हा निष्कर्ष आपल्या घरात आणून पाहू. रत्नागिरीतल्या किती घरांतला कर्ता माणूस कुवेत, सौदी, दुबई, मस्कतला असतो, हे मी सांगायला नको. तो सुट्टीवर येतो तेव्हा बॅगेत चॉकलेट-टॉफ्यांची पाकिटे असतातच. दोन वर्षे पोरांना जवळ घेता आले नाही, त्याची भरपाई. भाचीच्या घरी त्यासाठी एक मोठा स्टीलचा डबा आहे आणि तो पोराच्या हाताला लागेल अशा फळीवर होता. वडिलांचा व्हिडिओ कॉल आला की पलीकडून पहिला प्रश्न, "आज किती चॉकलेटं खाल्लीस?" कौतुकाने विचारलेला. त्या माणसाला दोष कसा देणार?

मग आपल्या मुलखातले पदार्थ. हापूस जेवताना खाल्ला, आमरस चपातीबरोबर ओरपला, तर दातांच्या हिशेबाने तो एकच प्रसंग. पण त्याच आंब्याची आंबापोळी, किंवा फणसपोळी, खिशात ठेवून दुपारभर तोडून चघळली तर ती दाढेच्या खाचांत चिकटून बसते आणि तासन्‌तास जिवाणूंची मेजवानी चालते. चहात बुडवलेले बटर, नानकटाई, बिस्किटे यांचेही तसेच. पिठाचा लगदा खाचेत बसतो, लाळ त्यातल्या पिष्टाची साखर करते आणि पुढचे काम जिवाणू करतात. कोकम सरबतात तर दुहेरी मामला, आम्ल पेल्यातच असते आणि वर साखर. ते प्यावे, पण एका बैठकीत प्यावे, मग पाण्याने चूळ भरावी. ब्रश मात्र लगेच न करता अर्ध्या तासाने. मिरकरवाड्याच्या जेटीवर पहाटेपासून चहाच्या किटल्या फिरत असतात. दिवसभरात आठ-दहा कप गोड चहा घोट-घोट पिणाऱ्या माणसाचे दात जेवणानंतर खीर खाणाऱ्यापेक्षा अधिक धोक्यात असतात. हे ऐकून आमच्या घरातली पुरुषमंडळी माझ्यावर रागावली, पण चहा कुणी सोडला नाही. दोघांनी साखर सोडली, तेवढे पुरे.

रमजानचा विचार मला स्वतंत्र करावासा वाटतो. इफ्तारला खजूर, सरबत, फळे, भजी, थोड्या वेळाने चहा, तरावीहनंतर फालुदा किंवा मित्रांबरोबर बाजार, घरी आल्यावर फिरनीची वाटी, मग सहरीला शेवया आणि चहा. दिवसभराचा संयम, आणि रात्री दातांना उसंतच नाही. त्याहून वाईट म्हणजे सहरीनंतरचा वेळ. पोटभर गोड खाऊन, फज्रची नमाज अदा करून माणूस दात न घासता झोपतो आणि मग दिवसभर पाण्याचा थेंब नसल्याने लाळही कमी. खजूर सोडा असे मी मुळीच म्हणत नाही. खजुरावर पाणी प्या, सरबत जेवणाबरोबर एकदाच घ्या, तरावीहनंतर तहान लागली तर साधे पाणी प्या. आणि सहरी पाच मिनिटे लवकर उरकून, वेळ संपण्यापूर्वी, पेस्टने दात घासा. रोज्यात दिवसा पेस्ट वापरावी की नाही ते आपापल्या आलिमांना विचारावे; सहरीच्या आधीच घासले तर तो प्रश्नच उरत नाही.

मिस्वाक ही तर प्रिय सुन्नत. दर नमाजेला ती करण्यातला आरोग्याचा भाग आता चटकन ध्यानात येईल. जिवाणूंचा चिकट थर दिवसातून अनेकदा मोडला, तर आम्लाला जाड घर मिळत नाही. पीलूच्या काडीचे तंतू पुढच्या दातांवर उत्तम काम करतात. मात्र मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला आणि दोन दातांच्या फटीत ती सहज पोचत नाही, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. म्हणून मिस्वाक आहेच, तिच्या जोडीला रात्री ब्रशही हवा. काही घरांत दात घासायला अजून मशेरी वापरतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. तिने दात राखले जात नाहीत, हिरड्या आणि गाल मात्र कॅन्सरच्या वाटेला लागतात.

पेस्ट घेताना पाकिटावर फ्लोराइड लिहिले आहे का पाहा, आणि आकडा १००० पीपीएम किंवा त्याहून अधिक हवा. फ्लोराइड स्फटिकात शिरले की एनॅमल आम्लापुढे अधिक टिकते, आणि जिवाणूंच्या आम्ल करण्याच्या कामातही ते अडथळा आणते. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोड पेस्टांत ते नसतेच किंवा फार कमी असते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. आणि घासून झाल्यावर नुसते थुंकायचे. भरभरून चुळा भरल्या तर फ्लोराइड वाहून जाते. म्हाताऱ्या माणसांच्या हिरड्या मागे सरलेल्या असतात आणि दाताचे मूळ उघडे पडते. ते एनॅमलपेक्षा मऊ, सहाच्या वरच्या सामूलाही विरघळू लागते. त्यात मधुमेहाने किंवा काही औषधांनी तोंड कोरडे पडत असेल, तर गोड गोळ्या चघळण्यापेक्षा साखर न लावलेली बडीशेप बरी. तिनेही लाळ सुटते.

अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर तपासणीला येतात. त्यांच्या यादीत दातांचे आजारही आहेत. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. तोंड तपासायला सांगा. आपल्या जिल्ह्यात खेडला दंतवैद्यक महाविद्यालयही आहे. मात्र सगळ्यात स्वस्त तपासणी घरीच होते: महिन्यातून एकदा मुलाला खिडकीपाशी नेऊन वरचा ओठ उचलायचा आणि हिरडीच्या कडेला खडूसारखे पांढरे डाग आहेत का ते पाहायचे.

आमच्या पोराची दाढ भरून झाली. पुढचे दोन दात वाचले, दोन काढावे लागले. कायमचे दात येईपर्यंत तो असाच बोबडा बोलणार. रात्रीची बाटली सोडवायला नऊ रात्री लागल्या. आधी दुधातली साखर रोज थोडी कमी केली, मग दुधात पाणी, शेवटी नुसते पाणी. पाचव्या रात्री तो इतका रडला की भाचीही रडायला लागली आणि शेजारच्या चाची दार वाजवून विचारून गेल्या. स्टीलचा डबा आता माझ्या घरी आहे, कपाटावर. स्वीडनचा शनिवार आम्ही शुक्रवारवर आणला. जुम्याच्या दुपारी, जेवण झाल्या झाल्या, त्याला हवी तेवढी चॉकलेटे, आणि मग ब्रश. वडिलांनाही पटले, ते आता फोनवर दात दाखवायला सांगतात. दर गुरुवारी संध्याकाळी पोर माझ्याकडे येते, कपाटाकडे एक नजर टाकते आणि त्या दोन दातांच्या फटीतून फुसफुसत विचारते, "नानी, उद्या जुम्मा ना?"